अभ्यासिकेतली १४ नंबरची सीट : स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये बसून बायबल वाचण्याचे दहा महिने

आधीच सांगते, अभ्यासिकेचं नाव देणार नाही. पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे आणि ती चालवणारा पोरगा मनाने चांगला आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. नागपुरात कडबी चौकातून इंदोऱ्याकडे निघालं की दोन्ही बाजूंच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर ‘अभ्यासिका’, ‘रीडिंग रूम’, ‘फ्री वायफाय, आरओ पाणी’ अशा पाट्या दिसतात, त्यांतलीच ही एक. खाली तर्री-पोह्यांची गाडी, शेजारी झेरॉक्स. जिना अरुंद. वर गेल्यावर चपलांचा ढीग, आणि आत प्लायवूडच्या खोक्यांमध्ये माना घालून बसलेली ४०-४५ पोरं-पोरी.

मी कोणतीच परीक्षा देत नाही. वय ५३, राहायला मेकोसाबागेत, घरीच शिलाईकाम. ब्लाउज, फॉल-पिको, डिसेंबरात पोरींचे नाताळचे फ्रॉक. गेल्या जुलैपासून आठवड्यातले चार दिवस सकाळी सहा ते साडेसात मी तिथे बसून बायबलचा अभ्यास करते. तेव्हा हे परीक्षण त्या दृष्टीनेच वाचा. एमपीएससीवाल्यांच्या कामाचं यात थोडंच सापडेल.

घरी का नाही, हा प्रश्न सगळेच विचारतात. वाचन घरीच होतं की, लहानपणापासून. सकाळी एक उतारा, रात्री कौटुंबिक प्रार्थना, बुधवारी महिला मंडळ, रविवारी उपासना आणि तिच्या आधी संडे स्कूल, जिथे मी १९ वर्षं शिकवते आहे. वर्षात बायबल संपवायचा तक्ताही तीनदा घेतला. अध्याय १,१८९, म्हणजे दिवसाला तीनपेक्षा थोडे जास्त. दोनदा लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकले. तिसऱ्यांदा नेटाने पूर्ण केलं आणि वर्षाच्या शेवटी लक्षात आलं की यहेज्केल या संदेष्ट्याचं पुस्तक वाचल्याचं आठवतं, यहेज्केल आठवत नाही.

पण खरा चटका बसला तो संडे स्कूलमध्ये. रूथची गोष्ट सांगत होते. रूथ म्हणजे सासूबरोबर बेथलेहेमला आलेली परदेशी विधवा, आणि बवाज म्हणजे ज्याच्या शेतात ती वेचायला जाते तो मालक. सातवीतला एक पोरगा, जरा आगाऊच, म्हणाला, “टीचर, रूथ रात्री खळ्यात जाऊन बवाजच्या पायाशी काहून झोपली?” मी म्हटलं, मोठा झालास की कळेल. तो गप्प बसला. मी घरी आले आणि मशीनवर बसल्या बसल्या कबूल केलं की मी ५३ ची झाले, मला कुठे कळलंय?

म्हणून वेळ काढायचं ठरवलं. पहाटे पाचला उठून बेडरूममध्ये बसले, तर सासूबाईंना वाटलं माझी तब्येत बिघडली. तीन दिवस त्या दाराबाहेर खाकरत उभ्या. मग सहाला बसून पाहिलं. सहाला दूधवाला, साडेसहाला नळ, पावणेसातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत, आणि या सगळ्याच्या मध्ये कोणीतरी ब्लाउजपीस घेऊन, “ताई, फक्त माप द्यायचं आहे.” शिलाईवालीचं घर म्हणजे दुकानच, त्याला शटर नसतं. चर्चमधली मागची खोली मागून पाहिली, पण तिची किल्ली ज्या भावांकडे ते आठला उठतात. आठवडाभर सेमिनरी हिल्सच्या बागेत गेले. टेकडीचं नावच पाद्री घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलेलं, म्हटलं जागा तरी शुभ असेल. तिथे डास, आणि बरोबर माझ्या बाकाशेजारी हास्य क्लब.

अभ्यासिका सुचवली ती पोराने, तीही थट्टेत. “आई, तू पण सीट घे एक.”

गेले. काउंटरवरचा दादा २५-२६ चा असेल.

“काकू, मुलासाठी का?”

“माझ्यासाठी.”

“कोणती एक्झाम?”

“परीक्षा नाही. बायबलचा अभ्यास करायचा आहे.”

त्याने जरा विचार केला. “आवाज तर नाही होणार ना? म्हणजे प्रार्थना-बिर्थना?”

“मनातल्या मनात.”

“मग काय प्रॉब्लेम आहे. फॉर्मवर तेवढं काहीतरी लिहावं लागते.” आणि परीक्षेच्या रकान्यात त्याने लिहिलं : इतर. रजिस्टरमध्ये मी अजूनही ‘इतर’ आहे, एकटीच.

आता पैशाचं. सकाळची पाळी सहा ते बारा, महिना ८०० रुपये. मी म्हटलं, मी दीड तास बसणार, साडेसातनंतर सीट तुझीच. ६५० वर तुटलं. लॉकरच्या किल्लीचे २०० वेगळे, सोडताना परत मिळतात म्हणे. महिन्याला सोळा-सतरा बसण्या होतात, म्हणजे एका बसणीचे साधारण ४० रुपये. माझ्या हिशेबात महिन्याच्या नऊ-दहा साड्यांचं फॉल-पिको. महिला मंडळात एक बाई म्हणाल्या, “देवाच्या वचनासाठी भाडं भरता? ते देवळात वाचावं, नाहीतर घरी.” देऊळ म्हणजे आमच्याकडे चर्च. मी त्यांना टिळकांची आठवण करून दिली. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, मिळाला तो काही देवळात नाही, आपल्या नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. डब्यातल्या एका गोऱ्या साहेबाने पुस्तक हातात दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी, मत्तयाच्या त्या तीन अध्यायांशी, टिळक थबकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाई म्हणाल्या, ते टिळक होते. बरोबर आहे, पण तिकीट त्यांनीही काढलंच असेल.

खरं सांगायचं तर ६५० रुपयांचा सगळ्यात मोठा उपयोग हाच की ते टोचतात. फुकटची बाग पावसात सुटली. इथे जुलैच्या मुसळधारेत मी छत्री उलटी झालेली घेऊन पोचले, कारण ४० रुपये.

बसायला लागल्यावर पहिली अडचण माझ्या ओठांची. मी जन्मभर बायबल पुटपुटत वाचलं आहे, आमच्या आईची सवय. तिसऱ्याच दिवशी बाजूच्या खोक्यातून प्लायवर टकटक झाली. पोट्टा बिचारा हळू आवाजात म्हणाला, “काकू, डिस्टर्ब होऊन राहिलं.” तेव्हापासून पुटपुटणं बंद आणि लिहिणं सुरू. २०० पानी लाँगबुक आणली आणि रूथचं पुस्तक पहिल्यापासून उतरून काढायला लागले. चार अध्याय, ८५ वचनं. वचनांचे आकडे मुद्दाम गाळले. ते आकडे मुळात नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकात पडले, वचनांचे आकडे त्याहून नंतर, १५५१ साली पॅरिसच्या एका मुद्रकाने नव्या करारात घातले ते रूढ झाले. आकडे काढले की गोष्ट अंगावर येते. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि गोष्ट सुरू होते तीच भाकरीच्या घरात दुष्काळ पडला म्हणून. हे मी १९ वर्षं शिकवत होते आणि मला दिसलं नव्हतं!

आठवडा-दोन आठवडे नुसतं उतरवणं. मग एकेक प्रश्न : कोण कोणाला काय म्हणतं, कोणता शब्द पुन्हा येतो. टीका-भाष्याचं पुस्तक मी लॉकरमध्येच ठेवते, शेवटच्या आठवड्यापर्यंत काढत नाही. पहिल्याच दिवशी काढलं की मग आपण त्याच पुस्तकाचा अभ्यास करतो.

दुसऱ्या अध्यायात अडले ते ‘सरवा’ या शब्दाशी. रूथ सरवा वेचायला जाते. शब्द माहीत होता, पण मी शहरातली, वावर कधी जवळून पाहिलं नाही. १५ नंबरला भिवापूरकडची एक पोरगी बसते, तलाठी भरतीची तयारी करते. साडेसातला आम्ही दोघी पोह्यांच्या गाडीवर उतरतो. तिला विचारलं. म्हणाली, “सरवा म्हणजे पीक निघाल्यावर वावरात जे सांडते-उरते ते. माझी आजी जायची ना. गव्हाचा, हरभऱ्याचा, मिरचीचा पण. ज्याचं वावर तो चांगला असला तर जाऊ देते, नाहीतर सालदार धुऱ्यावरूनच हाकलते.” मग जरा थांबून म्हणाली, “आजी एकटी कधीच नाही गेली. चार बाया मिळून जायच्या. एकट्या बाईनं परक्याच्या वावरात जायाचं म्हणजे…” आणि तर्रीत लिंबू पिळत बसली.

दुसऱ्या दिवशी दुसरा अध्याय पुन्हा उघडला. बवाज गड्यांना ताकीद देतो की हिला हात लावू नका. सासू, नामी, तीसुद्धा तेच म्हणते : दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तिथे कोणी छळेल. ही वाक्यं मी कितीदा वाचली होती, आणि प्रत्येक वेळी मला बवाजचा मोठेपणा दिसला होता. रूथ कशाला सामोरी गेली होती ते दिसलं नव्हतं. परदेशी, विधवा, एकटी, आणि मुकादमाला स्वतःहून विचारते की मी वेचू का. संध्याकाळी झोडपून झाल्यावर तिच्याकडे एफाभर जव निघाले. एफा म्हणजे अंदाजे २२ लिटर, तेलाचा मोठा डबा भरून वर उरेल इतके. सरव्यात एवढं निघत नाही हे त्या पोरीने पटकन सांगितलं. निघालं कारण बवाजने गड्यांना पेंढ्यांमधून मुद्दाम काड्या गाळायला सांगितल्या होत्या. लेवीयात शेताच्या कडा कापू नका, सरवा गोरगरिबांना आणि परक्यांना ठेवा, असा नियमच आहे. हाच तो लेवीय, ज्यात मी दोनदा अडकले होते.

आता तिसरा अध्याय, म्हणजे त्या आगाऊ पोराचा प्रश्न. इथे मला रूथला दिलेल्या दोन महिन्यांतले तीन आठवडे लागले आणि इथेच माझा धंदा कामाला आला.

मला हिब्रू येत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात, मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. मी निदान एक शब्द तरी शोधून पाहावा म्हटलं. मोबाईलवर फुकटच्या ॲपमध्ये वचनातल्या शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्दाचा नंबर येतो. हे नंबर जेम्स स्ट्राँग नावाच्या अमेरिकन माणसाने १८९० साली काढलेल्या शब्दसूचीतले. सगळं इंग्रजीत, माझं इंग्रजी दहावीपुरतं, पोराने दोन रविवार बसून शिकवलं. तर दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला आशीर्वाद देतो की ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला प्रतिफळ देवो. तिथे शब्द आहे ‘कानाफ’, नंबर ३६७१. तिसऱ्या अध्यायात रात्री रूथ त्याला म्हणते, आपल्या दासीला आपल्या पांघरुणाखाली घ्या. बोट ठेवलं. पुन्हा ३६७१.

मला वाटलं मोबाईल अडकला. बंद करून चालू केला. तोच नंबर.

कानाफ म्हणजे पंख, आणि कानाफ म्हणजे वस्त्राचा काठ, कोपरा. माझ्या मराठी प्रतीत एकीकडे पंख आहेत, दुसरीकडे पांघरूण, त्यामुळे धागा तुटून जातो. रूथ त्याचाच शब्द त्याला परत करते आहे. देवाच्या पंखांखाली आलीस म्हणालात ना, मग तुमचा काठ घाला माझ्यावर. आपल्याकडे पदराखाली घेतलं म्हणतात, ते आठवलं. फक्त इथे पदर पुरुषाचा.

काठ हा माझा रोजचा विषय. मग मी त्या नंबरचा काठ धरून अख्ख्या जुन्या करारात फिरले. दावीद गुहेत, त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा कानाफ हळूच कापून घेतो आणि मग त्याचं मन त्याला खातं. गणनेच्या पुस्तकात इस्राएलांना सांगितलंय की वस्त्राच्या कानाफांना गोंडे लावा, त्यांत निळी दोरी घाला. नव्या करारात बारा वर्षं आजारी असलेली बाई येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते, तिथे भाषा ग्रीक, पण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात गणनेतल्या गोंड्यांनाही तोच ग्रीक शब्द वापरलाय. आणि फिरत फिरत कुठे पोचले, तर यहेज्केल, अध्याय १६. तिथे देव यरुशलेमेला सांगतो की मी तुझ्यावर माझा कानाफ पसरला, तुझ्याशी करार केला, तू माझी झालीस. ती लग्नाची भाषा आहे. म्हणजे रूथ खळ्यात जाऊन काय करत होती? सरळ लग्नाची मागणी घालत होती. ज्या यहेज्केलातलं मला काही आठवत नव्हतं त्यातच उत्तर पडलेलं होतं.

त्या पोराला सांगितलं. तो आता आठवीत गेलाय. म्हणाला, “म्हणजे पोरीनं प्रपोज केलं?” म्हटलं, हो. वर्ग हसला. हसू देत.

एवढं सगळं प्लायवूडच्या खोक्यात झालं, तर आता त्या खोक्याविषयी बोलू. रुंदी २२ इंच. टेपने मोजलीय, टेप माझ्या पर्समध्येच असते. २२ इंचांत चालू घडामोडींचं एक पुस्तक मावतं. एक उघडं बायबल, एक लाँगबुक आणि मोबाईल मावत नाही. वही मांडीवर घ्यावी लागते. ट्यूब डोक्यामागे, त्यामुळे लिहिताना स्वतःच्याच हाताची सावली. खुर्ची प्लास्टिकची, उशी घरून न्या. बायकांचं टॉयलेट एकच आणि त्याची कडी दोन महिने तुटलेली होती. एक आत, एक बाहेर पहाऱ्याला. शेवटी मीच चार स्क्रू आणून बसवली. दादाने त्या महिन्याचे ५० रुपये कमी केले, हेही सांगितलं पाहिजे.

थंडीत सहाची वेळ म्हणजे सहा वीस. आम्ही जिन्यात शाली गुंडाळून उभ्या. एसी आहे, पण नऊनंतर; त्याआधी कूलर. नागपूरचा मे महिना, सकाळी सहालासुद्धा भिंती गरम, कूलर तर हवाच. पण १४ नंबर कूलरच्या समोर आहे आणि तो तुषार उडवतो. बायबलचा कागद किती पातळ असतो तुम्हाला माहीत आहे. माझ्या बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या दहा-बारा पानांना पापडासारख्या लाटा आल्यात. आता मी त्यावर ब्लाउजच्या अस्तराचा तुकडा टाकून बसते. सीट बदलून मागितली तर म्हणाला, कूलरसमोरची सीट उन्हाळ्यात लोक वशिल्याने मागतात काकू, तुम्ही सोडून राहिल्या?

शांतता मात्र दहापैकी नऊ. एक मार्क कापला तो लाकडावर थरथरणाऱ्या मोबाईलांसाठी. ती शांतता कशी असते ते सांगणं कठीण. घरातली शांतता म्हणजे कोणीतरी आत्ता हाक मारणार याची वाट. इथे ४५ माणसं आहेत आणि कोणालाच माझ्याकडून काही नको.

आणखी एक, यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचं. दहावीच्या पोरांना मी दरवर्षी कापडाची बुकमार्क शिवून द्यायचे, त्यावर यिर्मया २९ : ११ भरतकामाने. संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. ऑक्टोबरात यिर्मयाचे २७ ते २९ हे तीन अध्याय घेतले आणि पहिल्यांदा आधीचं वचन नीट वाचलं. ७० वर्षं. यरुशलेमेहून बंदी करून बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र आहे ते : घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, लवकर परत येणार नाही. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून सांगून गेलाय, आणि तो त्याच वर्षी मेला. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिलं नसणार. माझ्या आजूबाजूला चार-चार, पाच-पाच वर्षं जाहिरातीची वाट बघणारी पोरं बसली होती. भिंतीवर ‘यश तुमची वाट पाहत आहे’ असं पोस्टर. मला हनन्याच आठवला. या वर्षी बुकमार्क शिवली नाहीत. कागदावर ४ ते १४ वचनं हाताने लिहून दिली. पोरांना बुकमार्क जास्त आवडायची, हेही खरं.

डिसेंबराविषयी खोटं बोलणार नाही. नाताळचे ३१ फ्रॉक आणि दोन लग्नांचे गाऊन. अख्ख्या महिन्यात तीनदा गेले, त्यातही एकदा खोक्यात डोकं टेकून झोपले. जानेवारीत ५ तारखेच्या आत पैसे भरले नाहीत तर १४ नंबर पोलीस भरतीच्या एका पोराला दिली गेली. महिनाभर मी २७ ला, टॉयलेटच्या भिंतीला लागून. नियम तो नियम, तक्रार नाही. चार दिवसांचे पाच करावेत असं मनात येतं आणि होत नाही. मिस्टर चहा स्वतः करायला शिकलेत, एवढी प्रगती.

१४ एप्रिलला अभ्यासिकेत १८ तास अभ्यास होता. बाबासाहेबांच्या फोटोला हार, समोर मेणबत्ती, आणि सकाळी सहा ते रात्री बारा ज्याला जमेल तसं त्याने बसायचं. दादाने मलाही विचारलं. मी बारापर्यंत बसले, सहा तास, आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे नव्या करारातली मार्कने सांगितलेली येशूची गोष्ट, एका बैठकीत वाचलं. १६ अध्याय, दोन तासही लागत नाहीत. मूळ ग्रीकमध्ये ‘युथुस’ म्हणजे ‘लगेच’ हा शब्द त्यात ४० हून जास्त वेळा येतो. मराठीत तो कधी ‘लागलेच’, कधी ‘तत्काळ’ असा वेष बदलून येतो म्हणून तुकड्यातुकड्यांत वाचताना कळत नाही. सगळं धावत असतं, हा गाव, तो आजारी, ती नाव. आणि ११ व्या अध्यायापासून गाडी एकदम हळू होते. शेवटचे सहा अध्याय येशूच्या शेवटच्या एका आठवड्याचे आहेत. सरळ शिलाईवर मशीन जोरात पळवायचं आणि गळ्याच्या वळणावर पाय हलका करायचा, तसं. दहा वाजता कोणीतरी सगळ्यांना केळी वाटली. मलाही दिली, दोन.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. टेबल २८ इंच केलं आणि कूलर फिरवला तर चार. ज्यांना मोठ्याने प्रार्थना करायची आहे, दोघा-तिघांनी मिळून चर्चा करायची आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. त्यासाठी कोणाचं तरी घरच बरं. ज्यांचं घर शांत आहे त्यांनीही ६५० रुपये वाचवावेत. पण घरात दार असूनही ते लागत नाही अशी बाई असेल, तिने एक महिना काढून बघावा. सुरुवात लहान पुस्तकापासून करा, रूथ किंवा फिलिप्पैकरांस पत्र, चार-चार अध्यायांचीच आहेत. अभ्यासिका बघायला सकाळी सहालाच जा, दुपारी जाऊ नका; दार वेळेवर उघडतं का तेही कळेल. टेबल मोजा. टॉयलेटची कडी लावून बघा. खिडकीकडची ९ ते १२ या सीट चांगल्या, सकाळचा उजेड डावीकडून येतो. माझं आता यशया चालू आहे, ६६ अध्याय, दिवाळी येईल बहुतेक. तेव्हा १४ नंबर मागू नका. दर महिन्याच्या ४ तारखेला मी पैसे भरते.